तीनातली की सातातली

केबिन रोडवरच्या हंसाबेनच्या मॅचिंग सेंटरात शिरणारी बाई आधी विचारायची, "मंदाताई आहेत का?" मंदाताई नसल्या तर साडीची पिशवी तशीच काखोटीला मारून चालू लागायची. मालकीण गल्ल्यावर बसलेली असली तरीही. हंसाबेनला त्याचा राग यायचा नाही. ती हसून म्हणायची, "कलर मंदाबेनला समजतो, मला खाली बिल समजतं."

मंदा पेडणेकर या दुकानात लागली तेव्हा तिची क्षितिजा बालवाडीत होती. लालबागची खोली दिराकडे राहिली आणि गुणवंत बायको-मुलीला घेऊन इंद्रलोक नावाच्या लांबच्या उपनगरी वस्तीत राहायला आला, तेव्हा नातेवाइकांनी चेहरे असे केले होते, जणू हे तिघं काळ्या पाण्यावर निघालेत. आता तेच नातेवाईक विरारच्याही पलीकडे घरं शोधत असतात, ते जाऊ द्या. गुणवंत फोर्टातल्या एका ऑफिसात कारकून होता. माणूस सरळ. इतका सरळ, की भाजीवाल्याने वजनात मारलं तरी त्याचीच अडचण असेल म्हणायचा. घर मंदाच चालवायची, आणि दुकानही बरंचसं तीच चालवायची.

परकर, अस्तर, फॉल, पिको. दिवसभर हेच. गिऱ्हाइकाने आमसुली साडी दाखवली की मंदा पाठीमागे न बघता फडताळातून आमसुली परकर ओढायची. वर सल्ला द्यायची, "नाडी जाडी बघून घे, बारीक नाडी कापते." दुसऱ्या बायकांना सांगायची. स्वतः मात्र बारीक नाडीच वापरायची, कारण ती घट्ट बसते. मंदाच्या आईचं म्हणणं असं, की बाईची नाडी सैल म्हणजे बाई सैल. आईचं बोलणं सगळं असंच, तोंडात मारल्यासारखं. ती गेली, पण तिचं हे वाक्य मंदाच्या कमरेला राहिलं. सकाळी अंघोळ झाली की डाव्या कुशीवर, ठरल्या जागी, श्वास आत ओढून करकचून गाठ. ती रात्री गाऊन घालतानाच सुटायची.

कमरेला नाडीचा काळा पट्टा कुठल्या बाईला नसतो? मंदालाही होता. मग तिथे खाज सुटायला लागली. मग एक पांढुरका चट्टा आला, त्याला चीर पडली, आणि ती चीर काही भरून येईना. मंदाने हळद लावली, खोबरेल लावलं, कापसाचा बोळा ठेवून त्याच्यावरूनच नाडी आवळली. जागा बदलावी, नाडी थोडी खाली घ्यावी, हे सुचलं नाही असं नाही. पण खाली नेसली की साडी सुटतेय असंच वाटत राहायचं. डॉक्टरकडे जायचं तर कोपऱ्यावरचा डॉक्टर ओळखीचा, त्याची बायको दुकानातलं नेहमीचं गिऱ्हाईक. त्याच्यापुढे कंबर उघडी कशी टाकायची? दुखणं अंगावर काढायला आपल्या बायकांना कारण लागत नाही, आणि इथे तर चांगलं भक्कम होतं.

शेवटी चोरी धुण्यात सापडली. क्षितिजा आता कांदिवलीला नोकरी करणारी, लग्नाला आलेली मुलगी. एका रविवारी ती मशीनमध्ये कपडे टाकत होती. आईच्या परकरावर नाडीखाली पिवळट लाल डाग दिसला. तिने वास घेतला आणि परकर हातात घेऊन तशीच स्वयंपाकघरात आली.

"आई, हे काय आहे?"

"काही नाही गं, नाडी काचलीय."

"दाखव."

"आता पोळ्या टाकू की तुला कंबर दाखवू?"

क्षितिजाने गॅस बंद केला. पुढे सगळं तिनेच केलं. कॅन्सरच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तुकडा तपासायला दिला, रिपोर्ट आणला. कातडीचा कॅन्सर. गुणवंतला ते खरंच वाटेना. तो डॉक्टरांना म्हणाला, "मॅडम, हा तर गोऱ्या लोकांना होतो ना? उन्हात पडून राहतात, त्यांना. आमची ही तर दिवसभर दुकानात, ट्यूबलाइटखाली."

डॉक्टर तेजश्री तरुण होत्या, पण बोलायला शांत. "उन्हाने होतो तसा वर्षानुवर्षं घासूनही होतो, काका. परकराच्या नाडीने झालेल्या या पहिल्या नाहीत."

मंदा खाली बघत राहिली. आयुष्यभर जी वस्तू विकली तिनेच आपल्याला खाल्लं, हे ऐकून तिला रडू नाही आलं, लाज वाटली. आणि हंसाबेनला हे कसं सांगायचं, अशी भलतीच काळजी वाटली.

ऑपरेशन झालं. कमरेचा तळहाताएवढा भाग काढला आणि मांडीची कातडी तिथे लावली. महिन्याभराने पूर्ण रिपोर्ट आला, तेव्हा तिघंही डॉक्टर तेजश्रींच्या समोर बसली होती. कडा साफ होत्या, म्हणजे काढलं ते पुरतं काढलं होतं. ही झाली चांगली गोष्ट. पण मुळं खोल गेली होती, एका नसेच्या कडेने सरकली होती. ही झाली वाईट.

"मग परत येईल का?" मंदाने विचारलं. तिला तेवढंच विचारायचं होतं. बाकीचं क्षितिजा वहीत उतरवत होती.

"असं बघा मावशी. तुमच्यासारखा रिपोर्ट असलेल्या दहा बायका घेतल्या तर साधारण तिघींना परत येतो, सातजणींना येत नाही. यायचा झाला तर बहुतेक पहिल्या दोन वर्षांत येतो."

"हो, पण मी तीनातली की सातातली?"

डॉक्टर तेजश्रींनी हातातला पेन खाली ठेवला. बऱ्याच जणांनी त्यांना हे विचारलं असेल. पण त्यांनी ठरलेलं उत्तर दिलं नाही, खरं दिलं. "ते मला नाही सांगता येत. कुणालाच नाही. रिपोर्ट बघून दहाजणींचं सांगता येतं, एकीचं नाही."

मग त्यांनी मंदाला आत नेऊन स्वतःच्या बोटांनी शिकवलं. अंघोळीच्या वेळी जांघेत आणि काखेत असं चाचपायचं. गाठ लागली तर तारखेची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. आणि कमरेला पुन्हा कधीही नाडी नाही.

घरी येताना गुणवंत म्हणाला, "सात म्हणजे पुष्कळ झाले. सत्तर टक्के. आमच्या वेळी सत्तर टक्क्यांना पेढे वाटायचे." त्याला तिला हसवायचं होतं. ती हसलीही.

पण त्या घरात त्या दिवसापासून तीन आणि सात हे दोन आकडे राहायला आले. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली की मंदा आकड्यावरून नजर काढून घ्यायची. वाटाण्याची शेंग सोलली आणि सात दाणे निघाले की उगाच बरं वाटायचं. ती अडाणी नव्हती. हा वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. पण जिवाला घोर लागला की माणूस शेंगेलासुद्धा कौल लावतं.

मध्यंतरी क्षितिजाचं लग्न ठरलं. मुलगा रोशन, मीरा रोडचा, कामाला चांगला आणि जिभेला गोड. पत्रिका बघायला गुणवंत जवळच्या मोरवा गावातल्या एका ज्योतिषाकडे गेला आणि मुलीच्या पत्रिकेबरोबर हळूच बायकोचीही पुढे केली. ज्योतिषाने चष्मा वर केला, बोटं मोजली आणि छातीठोक सांगितलं, "आजार गेला. परत फिरकायचा नाय. लिहून देतू." एवढी शिकलेली डॉक्टरीण दहा वेळा विचार करून बोलते, आणि ज्याला आजाराचं नावही धड घेता येत नाही तो लिहून द्यायला तयार. पण गुणवंत त्या दिवशी पेढे घेऊन आला, आणि त्या पेढ्यांना नावं ठेवायची मंदाला हिंमत झाली नाही.

साडी सुटली आणि मंदा पंजाबी ड्रेस घालू लागली. सैल इलॅस्टिकची सलवार. पहिल्या दिवशी इंद्रलोकातून केबिन रोडला जाताना तिला आपण उघड्यानेच चाललोय असं वाटत होतं. गिऱ्हाइकं म्हणाली, "मंदाताई एकदम मॉडर्न!" हंसाबेनने त्यांना डोळ्यांनी दटावलं. तिला सगळं माहीत होतं. ती मंदाला आता वरच्या फडताळाला हात लावू द्यायची नाही. "तुम बैठो मंदाबेन, मैं निकालती," म्हणून स्वतः स्टुलावर चढायची, आणि चुकीचा रंग काढायची.

दोनतीनदा तपासणी झाली. काही नव्हतं. सातातल्या बायकांच्या बाकावर आपण हळूहळू सरकतोय, असं मंदाला वाटायला लागलं होतं.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला उटणं लावताना तिचा हात डाव्या जांघेत थबकला. वालाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. कडक, आणि दुखत नव्हतं. बाहेर गुणवंत कारेटं फोडायला बोलावत होता. मंदा गरम पाणी अंगावर ओतत तिथेच बसून राहिली.

मग तिनेच स्वतःला समजावलं. अवधाण असेल. लग्नाच्या खरेदीत पाय भिंगरीसारखे फिरले होते आणि नव्या चपलेने डाव्या टाचेला चावून फोड आणला होता. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे तर कुणीही सांगेल. तिची आई अवधाणावर गरम विटेचा शेक द्यायची. मंदाने गरम पाण्याची पिशवी ठेवली. गुणवंतने विचारलं तर म्हणाली, पाय वळतोय.

टाचेचा फोड सुकला, खपली पडून गेली. वालाचा दाणा मात्र सुपारीएवढा झाला. मग स्वतःला फसवायलाही काही उरलं नाही. आपण तीनातल्या आहोत, हे मंदाला कळून चुकलं. डॉक्टरांना जे सांगता आलं नव्हतं, ते तिच्या तीन बोटांनी सांगितलं होतं.

लगेच फोन करायचा, हे तिला पाठ होतं. पण फोन केला की काय होईल हेही पाठ होतं. पुन्हा सुई, पुन्हा रिपोर्ट, पुन्हा ऑपरेशन, आणि लग्न पुढे. पुढे म्हणजे किती? हॉल मिळेल का, रोशनच्या घरचे थांबतील का, त्याच्या आत्या आताच नाक मुरडून विचारून गेल्या होत्या, "पेडणेकरबाईंना होतं काय नेमकं?" पण ही सगळी लोकांना सांगायची कारणं. खरं कारण एकच होतं. क्षितिजाला मुंडावळ्या बांधलेलं बघायचं होतं, आणि ते हॉस्पिटलच्या खाटेवरून नाही, स्वतःच्या पायांवर उभं राहून. तपासणीची तारीख हळदीच्या आठवड्यात येत होती. मंदाने हॉस्पिटलात फोन करून गावी चाललोय सांगितलं आणि घरी सांगितलं की डॉक्टरांनीच तारीख पुढची दिली. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

त्याच दिवसांत क्षितिजा एकदा तिच्या कुशीत शिरून म्हणाली, "आई, रागावू नकोस. कन्यादानाला तू ड्रेस घालून बसणार? मला तू साडीत हवीयेस गं. फक्त एक दिवस."

तिला वाटलं होतं आई नाही म्हणेल, डॉक्टरांचं नाव सांगेल. मंदा लगेच हो म्हणाली. "नेसते की. एका दिवसाने काय होतंय!"

क्षितिजा आनंदाने नाचली. आई इतक्या सहज हो म्हणते म्हणजे बरी आहे, भीती गेली, असं तिला वाटलं. आणि मंदाच्या मनात एवढंच होतं, की आता जपायचं तरी काय?

हंसाबेनने तिच्यासाठी मुद्दाम एक परकर शिवला. नाडी नाही, चार बोटं रुंद मऊ पट्टा आणि बाजूला हुक. स्वतः शिवला, मशीनवर तिचा हात बसलेला नसताना. पण लग्नाच्या दिवशी जरीची जड साडी त्या पट्ट्यावर थांबेना. नेसवायला आलेली ब्युटिशियन घाईत होती. "काकी, वरून एक नाडी मारते, नाहीतर स्टेजवर निऱ्या सुटतील," असं म्हणत तिने करकचून गाठ मारली. मंदाने श्वास आत ओढला. जुनी सवय. आरशात बघितलं तर पूर्वीची मंदा उभी होती, ताठ आणि चापूनचोपून नेसलेली. तिला स्वतःचाच लळा लागल्यासारखं झालं. दिवसभर ती हसत वावरली. पाठवणीला क्षितिजाच्या गळ्यात पडली तेव्हा कमरेला ओलं लागत होतं, तरी तिने मिठी सैल केली नाही.

मांडवपरतणीला क्षितिजा आली. आईला वाकता येत नाही हे तिने पाहिलं, आणि कुर्ता वर करून बघितलंच. लावलेली कातडी फाटली होती, खपली धरली होती.  दुसऱ्याच दिवशी, हातावरची मेंदी अजून तांबडी असताना, ती आईला घेऊन हॉस्पिटलात गेली.

डॉक्टर तेजश्रींनी कंबर बघितली आणि मग जांघ. तिथे त्यांची बोटं थांबली. त्यांनी मंदाच्या डोळ्यांत पाहिलं. "ही कधीपासून लागतेय हाताला?"

क्षितिजा शेजारीच उभी होती. मंदा म्हणाली, "आत्ताच. चारपाच दिवस."

सुईची तपासणी झाली. परत आला होता. ऑपरेशन संक्रांतीनंतरच्या आठवड्यात ठरलं, त्यानंतर किरणांचे शेक द्यायचे. पुढचं काय ते तेव्हा बघू, असं डॉक्टर म्हणाल्या. दहातल्या किती, हे या वेळी मंदाने विचारलं नाही.

विचारलं ते क्षितिजाने. "डॉक्टर, हे साडीमुळे झालं ना? त्या दिवशी रक्त आलं होतं. मी सांगितलं होतं तिला नेसायला."

"नाही. असं एका दिवसाने होत नाही. हे आधीच तिथे होतं."

पण क्षितिजाला ते पटलं नाही. तपासायला नेलं त्याच्या चारपाच दिवस आधी गाठ लागली, असं आई स्वतः म्हणते. म्हणजे लग्नानंतरच. मग हिशेब सरळ आहे, डॉक्टर आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतायत, असं तिने धरून टाकलं. आणि एकदा धरलं म्हणजे धरलं, त्या बाबतीत ती मंदाचीच मुलगी.

नव्या नवरीचं तोंड बघवेना. रोज ऑफिसला जाण्याआधी मीरा रोडहून इंद्रलोकला यायची, आईचे पाय चेपायची, जेवायचं नाव काढायची नाही. सोमवार धरला, गुरुवार धरला. रोशनने कुठे फिरायला जाऊ म्हटलं तर त्याच्यावर खेकसली. तो बिचारा गुणवंतजवळ येऊन बसायचा आणि दोघं जावई-सासरे टीव्हीचा आवाज बंद ठेवून क्रिकेट बघायचे. एका रविवारी दुपारी मेथी निवडता निवडता क्षितिजा म्हणाली, "मी लग्नच करायला नको होतं. माझ्या हौसेपायी तुला..." 

मंदाच्या हातातली जुडी तशीच राहिली. आपण किती दिवस आहोत ठाऊक नाही. पण ही तर अजून खूप वर्षं जगायची आहे, आणि दर लग्नाच्या वाढदिवसाला हेच म्हणत जगणार. आईला मीच मारलं. गप्प बसलं तर लेक आपल्यावर माया करत राहील आणि आतून सडत जाईल. बोललं तर आपल्यावर चिडेल. मंदाला तिची माया हवी होती. आता तर फारच हवी होती.

"क्षितू, माझ्याकडे बघ. ती गाठ मला दिवाळीला लागली होती."

"काय?"

"पहिल्या अंघोळीला. तू साडीचं म्हणालीस त्याच्या आधी. मला माहीत होतं. म्हणूनच मी लगेच हो म्हटलं."

क्षितिजा बघत राहिली. मेथीची पानं तिच्या बोटांत चुरगळत होती. "तारीख डॉक्टरांनी पुढची दिली होती ना?"

"नाही. मीच खोटं सांगितलं."

"सव्वा महिना, आई? सव्वा महिना तू गाठ पोटात ठेवून मला बांगड्या भरायला घेऊन फिरत होतीस? तेव्हा गेलो असतो तर..."

"तर कदाचित काहीच वेगळं झालं नसतं."

"कदाचित! कदाचित झालंही असतं! तू कोण ठरवणारी?" ती उभी राहिली. मांडीवरची मेथी सगळीकडे सांडली. "मी तुला एक दिवस साडी मागितली होती. तू मला काय दिलंस? तुला लग्न बघायचं होतं, म्हणून तू मला फसवलंस. मला आई हवी होती, लग्न पुढच्या वर्षी केलं असतं ना!"

दार आपटून ती गेली. गुणवंत धावत बाहेर आला. मंदा खाली बसून मेथी गोळा करत होती, आणि रडत होती. तिने त्यालाही सगळं सांगितलं. तो सरळ माणूस खाली बसला आणि पानं वेचू लागला. शेवटचं पान उचलताना म्हणाला, "तरी मी ज्योतिषाला विचारलं होतं." इतकं वाईट तिला कुणाच्याही बोलण्याने वाटलं नव्हतं.

डॉक्टरांना तिने दुसऱ्या दिवशी फोनवर खरं सांगून टाकलं. क्षितिजा मात्र येईना. फोनही गुणवंतला करायची, "औषध घेतलं का तिने?" एवढंच विचारून ठेवायची. पण रोशन सांगून गेला की ती जेवायला लागलीय, उपास सोडलेत, आणि आईचं नाव निघालं की भांडी आपटते. मंदा म्हणाली, "आपटू दे. बरं झालं." राग लेकीला माहेरी परत आणतो, हे तिला ठाऊक होतं. कधी, तेवढं ठाऊक नव्हतं.

संक्रांतीला संध्याकाळी बेल वाजली. दारात क्षितिजा, सासरच्या हळदीकुंकवातून तशीच उठून आलेली. काळी साडी, गळ्यात हलव्याचा हार, हातात डबा. आत येऊन तिने एक लाडू आईच्या हातावर ठेवला. "घे."

"अगं, पुढचं म्हण की," गुणवंत म्हणाला. तिने असं बघितलं की त्याला एकदम दूध संपल्याचं आठवलं. पिशवी घेऊन तो बाहेर पडला.

क्षितिजा ओट्याशी पाणी प्यायला गेली. मंदा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती. पाणी पिता पिता क्षितिजाने डाव्या हाताचा अंगठा कमरेत खुपसला आणि नाडीखालून फिरवला. पुढून मागे. नकळत. मंदाने हातातला लाडू खाली ठेवला. हा अंगठा तिने वर्षानुवर्षं स्वतःच्या कमरेत फिरवला होता.

"कधीपासून खाजतंय?"

"काही नाही. सवय नाही ना रोज साडीची. सासूबाईंना आवडते म्हणून नेसतेय."

"इकडे ये."

"राहू दे."

मंदाने हात लांब करून तिच्या पदराचं टोक धरलं आणि ओढलं. लहानपणी फ्रॉक धरून ओढायची तसं. क्षितिजा आली. मंदाने पदर बाजूला केला, परकराची कड बोटाने खाली केली. डाव्या कुशीवर, अगदी त्याच जागी, लाल वळ होता आणि त्याच्या कडेने कातडी काळपट व्हायला लागली होती. कॉलेजच्या साडी डेला गाठ इथे मारायची, श्वास ओढून मारायची, हे तिला शिकवणारी मंदाच होती. ती नाडीची गाठ सोडू लागली.

"आई, सुटेल साडी."

"सुटू दे. मी नेसवते पुन्हा."

"आणि उद्या? परवा? प्रत्येक वेळी तू येणारेस नेसवायला?" क्षितिजाचा आवाज फुटला. "किती दिवस आहेस? सांग ना. तुला सगळं आमच्या आधी कळतं ना, मग हेही सांग!"

मंदाची बोटं गाठीवर थांबली. "ते नाही गं कळत. देवाशपथ नाही कळत. तुझी नाडी घट्ट आहे, एवढं कळतंय."

गाठ सुटली. निऱ्या घसरून फरशीवर पडल्या. क्षितिजा परकर मुठीत धरून उभ्या उभ्या हमसून रडत होती, गळ्यातला हलवा ओला करत. मंदाने ओट्यावरची खोबरेलाची बाटली घेतली, बोटावर तेल घेतलं आणि त्या वळावरून हळूहळू फिरवलं. पुन्हा तेल घेतलं, पुन्हा फिरवलं. मग नाडी वळाच्या बरीच खाली, दोन बोटं आत जातील एवढी सैल बांधली.

"उद्या हंसाबेनकडे जा. रुंद पट्ट्याचे परकर सांग. सगळे."

"तू चल बरोबर."

"येते."

खाली पडलेल्या साडीचं टोक मंदाने स्टुलावर बसूनच हातात घेतलं आणि लेकीच्या कमरेशी खोचलं. जांघेतल्या गाठीने उभं राहून नेसवायची ताकद तिच्यात ठेवली नव्हती. क्षितिजाने डोळे पुसले, आणि लहानपणी फ्रॉकचा पट्टा बांधून घ्यायला फिरायची तशी ती आईसमोर हळूच एकदा गोल फिरली.